रॉन लँकेस्टर : ३३३ टचडाउन, ३९६ इंटरसेप्शन, तरी थोर कसा?

रेजायनाकर

ग्रे कपच्या (कॅनेडियन फुटबॉलचा अजिंक्यपदाचा सामना) धाग्यावर दोघातिघांनी हाच प्रश्न विचारला होता. तिथे उत्तर देत बसलो असतो तर मूळ विषय भरकटला असता, म्हणून हा वेगळा धागा.

रॉन लँकेस्टर हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा पास फेकणारा सूत्रधार. त्याचे टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्टीत नेला की सहा गुण) पास ३३३, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेलेले पास, म्हणजे इंटरसेप्शन, ३९६. कॅनेडियन फुटबॉल लीगमध्ये (पुढे नुसतं सीएफएल म्हणतो) एवढी इंटरसेप्शन दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत. प्रशिक्षक झाल्यावर पहिल्या दोन हंगामांत ४ विजय आणि २८ पराभव. तरीही सस्कॅचवनने त्याची २३ नंबरची जर्सी निवृत्त केली आणि १९८२ पासून तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. मग आकडे खोटं बोलतात की आपण ते चुकीचे वाचतो?

आधी थोडी सनावळी. जन्म १४ ऑक्टोबर १९३८, फेअरचान्स, पेनसिल्व्हेनिया. कॉलेज ओहायोतलं विटेनबर्ग. उंची कागदावर ५ फूट १० इंच, म्हणून टोपणनाव 'लिटल जनरल'. १९६० ला ऑटावा रफ रायडर्समध्ये आला. तिथे रस जॅक्सन होता, म्हणजे एकाच संघात दोन अव्वल क्वार्टरबॅक. प्रशिक्षक फ्रँक क्लेअर दोघांना आलटूनपालटून खेळवायचे. त्या पहिल्याच वर्षी ऑटावाने एडमंटनला १६-६ ने हरवून ग्रे कप जिंकला.

ही व्यवस्था किती दिवस चालणार? १९६३ मध्ये ऑटावाने जॅक्सनला ठेवलं आणि लँकेस्टरला सस्कॅचवन रफरायडर्सला विकलं. किंमत ५०० डॉलर! सोबत अट अशी की सस्कॅचवनने त्याला पूर्व विभागातल्या कुठल्याही संघाला द्यायचं नाही. विकणाऱ्यालाच त्याची भीती किती होती ते या अटीत दिसतं. पुढे १९७८ पर्यंत सलग १६ हंगाम तो रेजायनातच (सस्कॅचवनच्या संघाचं गाव) खेळला.

(नवख्यांसाठी: ऑटावाचं 'रफ रायडर्स' दोन शब्दांत, सस्कॅचवनचं 'रफरायडर्स' एका शब्दात. संघ वेगळे, विभाग वेगळे. खाली नुसतं 'रायडर्स' आलं की सस्कॅचवन समजा.)

---

दादरचा_बंड्या

वाचतोय. पण मी अमेरिकन फुटबॉल पाहणारा. तिथे एखाद्याचे टचडाउनपेक्षा इंटरसेप्शन जास्त असतील तर त्याला बाकावर बसवतात. कॅनडात असं काय वेगळं आहे की हा माणूस १९ हंगाम टिकला?

---

तिसरा_डाउन

बंड्याशेठ, सगळा खेळच वेगळ्या गणितावर चालतो.

दहा यार्ड मिळवायला अमेरिकेत चार डाउन (म्हणजे प्रयत्न), कॅनडात तीन. तिसऱ्या डाउनला बहुतेक वेळा पंट करून, म्हणजे लाथेने, चेंडू लांब टाकून द्यावा लागतो, म्हणजे खरे प्रयत्न दोनच. पहिल्या डाउनला धावून ३ यार्ड मिळाले तर दुसरा डाउन आणि ७ यार्ड, म्हणजे जवळजवळ सक्तीचा पास. अमेरिकेतला '३ यार्ड, ३ यार्ड, ४ यार्ड' हा चिवट खेळ इथे पोट भरत नाही.

मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, अमेरिकेत १०० आणि सव्वात्रेपन्नच्या आसपास. खेळाडू बारा-बारा. एन्ड झोन (मैदानाच्या टोकाची टचडाउनची पट्टी) आज २० यार्ड खोल आहे, लँकेस्टरच्या काळात २५ होता. बचाव फळीने स्क्रिमेज रेषेपासून (चेंडू ठेवून खेळी सुरू होते ती रेषा) एक यार्ड मागे उभं राहायचं. म्हणून तिसरा डाउन आणि एक यार्ड उरला असेल तर इथे पंट करत नाहीत. क्वार्टरबॅक स्वतःच सेंटरच्या (त्याला चेंडू मागे देणारा) पाठीमागून घुसतो, कारण समोरचा भिडायच्या आत तो यार्ड संपलेला असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे धाव घेऊन सुटणारे रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे. क्वार्टरबॅक सोडून मागच्या फळीतले सगळे जण स्नॅपच्या (सेंटरने चेंडू मागे देण्याच्या) आधीच रेषेच्या दिशेने धावू शकतात. याला वॅगल म्हणतात. स्नॅप होतो तेव्हा रिसीव्हर पूर्ण वेगात असतो आणि त्याच्यासमोरचा बचावपटू उभा किंवा मागे सरकणारा. लांब पास मारायचा मोह का होतो ते यावरून कळेल.

---

गणिती

आकडे मांडतो. लँकेस्टरचे पास-प्रयत्न ६,२३३, पूर्ण झालेले ३,३८४, एकूण ५०,५३५ यार्ड. त्यावरून:

पूर्ण होण्याचं प्रमाण ५४.३ टक्के
प्रत्येक प्रयत्नामागे ८.१ यार्ड
प्रत्येक पूर्ण पासमागे १४.९ यार्ड
दर १०० पासमागे ५.३ टचडाउन, ६.४ इंटरसेप्शन

तिसरी ओळ पुन्हा वाचा. सरासरी पूर्ण पास पंधरा यार्डांचा. म्हणजे हा माणूस आखूड, सुरक्षित पास फेकून टक्केवारी फुगवत नव्हता.

आता इंटरसेप्शनची किंमत. दुसरा डाउन, १५ यार्ड हवेत, चेंडू आपल्या ३० यार्ड रेषेवर. आखूड पास पूर्ण झाला तरी पुढे पंटच. त्याऐवजी ४५ यार्ड लांब फेकला आणि पकडला गेला, तर प्रतिस्पर्ध्याला चेंडू साधारण पंट पडला असता तिथेच मिळतो. पूर्ण झाला तर सामना फिरतो. अशा जागी इंटरसेप्शनचा तोटा कागदावर दिसतो त्यापेक्षा फार कमी असतो. तेच आपल्या २० यार्डांवर पहिल्या डाउनला झालं तर सरळ ७ गुण दिल्यासारखं. नुसत्या ३९६ मध्ये हा फरक दिसत नाही. सगळी ३९६ पहिल्या प्रकारची होती असं मी अजिबात म्हणत नाही.

शिवाय १९ हंगाम. जास्त वर्षं खेळला त्याच्या नावावर चुकाही जास्त जमा होतात.

---

मृण्मयी_व

गणितीसाहेबांशी अर्धी सहमत. दर शंभराला सहाहून जास्त हे त्या काळालाही भारीच पडतं. आजच्या काळाशी तुलना तर नकोच: डेव्ह डिकन्सनने २००० च्या हंगामात कॅलगरीसाठी ३६ टचडाउन आणि फक्त ६ इंटरसेप्शन फेकली. पण तो शॉटगनचा (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे उभा), टेपवर अभ्यास केलेल्या आखीव पासांचा काळ. लँकेस्टर हडलमध्ये (खेळीआधीचं खेळाडूंचं कोंडाळं) स्वतः खेळी ठरवायचा. बाकावरून कुणी हेडसेटमध्ये सांगत नव्हतं. खेळी निवडणारा तोच, फेकणारा तोच, आणि मागे पडल्यावर धोका पत्करणाराही तोच.

आता उंचीबद्दल, कारण तिथे खरं तंत्र आहे.

पाच फूट दहाचा माणूस सेंटरच्या मागून चेंडू घेऊन सरळ मागे गेला तर समोर सहा फुटांच्या वरच्या माणसांची भिंत. वरून फेकायची खिडकीच नाही. उपाय रोलआउट. स्नॅप घेतल्यावर उजवा पाय आधी मागे आणि बाहेर टाकायचा, कंबर उघडायची, पाच-सहा यार्ड मागे जात तिरकं पळायचं, लाइनच्या (आपल्या पुढच्या संरक्षक फळीच्या) टोकाबाहेर निघेपर्यंत चेंडू दोन्ही हातांत छातीशी. मग खांदे रेषेला समांतर आणायचे आणि पुढच्या पायावर वजन टाकत फेकायचा. उजव्या हाताच्या माणसाला उजवीकडे हे सोपं. डावीकडे रोलआउट केला की डावा खांदा मुद्दाम लक्ष्याकडे फिरवावा लागतो. तो फिरवला नाही तर चेंडू मागे राहतो, तरंगतो आणि बचावपटूच्या पोटात जातो. पळता पळता झालेली बरीच इंटरसेप्शन अशीच असतात.

रोलआउटचा दुसरा तोटा: अर्धं मैदान तुम्ही स्वतःच सोडून देता. पलीकडे कुणी मोकळा असला तरी त्याच्याकडे आडवा पास फेकायचा नाही. फेकला तर चेंडू इतका वेळ हवेत राहतो की सगळे तिथे पोचतात.

---

तिसरा_डाउन

मृण्मयीताईंच्या मुद्द्याला रुंदीची जोड. हॅश खुणा (चेंडू कडेला गेला की पुढची खेळी जिथून सुरू होते त्या) अनेक वर्षं बाजूरेषेपासून २४ यार्डांवर होत्या (२०२२ मध्ये त्या आत, २८ वर आणल्या). चेंडू डाव्या खुणेवर असेल तर उजवी बाजूरेषा ४१ यार्ड दूर. क्वार्टरबॅक सात यार्ड मागे, रिसीव्हर दहा यार्ड पुढे जाऊन उजव्या बाजूरेषेच्या तीन यार्ड अलीकडे वळला, तर आडवं अंतर ३८, उभं १७. पायथागोरस लावा: जवळपास ४२ यार्ड. दहा यार्ड मिळवायला चेंडू हवेत बेचाळीस यार्ड! रुंद बाजूचा हा 'आउट' ज्याला जमत नाही त्याला बचाव फळी अरुंद बाजूला कोंडते. रोलआउट करून त्या बाजूला सरकलं की हेच अंतर दहा-बारा यार्डांनी कमी होतं. बुटक्या क्वार्टरबॅकला इथलं मैदान मानवतं ते यामुळे. पुढे डग फ्लुटीचंही तेच झालं.

---

दादरचा_बंड्या

भारी. म्हणजे क्रिकेटमध्ये सीमारेषेवर झेल देणारा आणि षटकार मारणारा बहुतेक वेळा एकच फलंदाज असतो, तसं.

आता सामन्यांबद्दल कुणी लिहा की.

---

रेजायनाकर

लिहितो. सगळे नाही, जिथे काही शिकण्यासारखं आहे तेवढेच.

१९६३, पश्चिम विभागाची उपांत्य फेरी, कॅलगरीविरुद्ध. तेव्हा दोन सामन्यांच्या गुणांची बेरीज धरायचे. पहिला सामना रायडर्स ९-३५ ने हरले, म्हणजे २६ गुणांची पिछाडी. दुसरा रेजायनाच्या टेलर फील्डवर ३९-१२ ने जिंकले. बेरीज ४८-४७. लँकेस्टरचे पाच टचडाउन पास. रेजायनात त्याचा पहिलाच हंगाम होता हा, आणि पाचशे डॉलरचा विषय तिथेच मिटला.

१९६६, ग्रे कप, व्हँकुव्हर. समोर ऑटावा आणि रस जॅक्सन. मध्यंतराला १४-१४, शेवटी रायडर्स २९-१४. जिम वर्डन, अ‍ॅलन फोर्ड आणि ह्यू कॅम्पबेल या तिघांना लँकेस्टरचा एकेक टचडाउन पास, चौथा टचडाउन जॉर्ज रीडने धावून. सस्कॅचवनचा इतिहासातला हा पहिला ग्रे कप. ह्यू कॅम्पबेल हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

जॉर्ज रीडशिवाय लँकेस्टरबद्दल बोलणं अपुरं आहे. दोघंही १९६३ ला रेजायनात आले. रीडने १९७५ पर्यंत १६,११६ यार्ड धावून काढले. तिसरा_डाउन यांनी वर म्हटलं की धावण्याने इथे पोट भरत नाही. रीड हा त्याला अपवाद, आणि त्यामुळेच लँकेस्टरचा लांब पास चालायचा. पहिल्या डाउनला रीड ५-६ यार्ड काढतो हे माहीत असल्याने लाइनबॅकर (बचावाची दुसरी फळी) एक-दोन पावलं पुढे यायचे. चेंडू रीडच्या पोटाशी नेऊन काढून घेतला की त्यांच्या पाठीमागची जागा मोकळी.

१९६६ ते १९७६ अशी अकरा वर्षं रायडर्स सलग पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत. त्यातले पाच ग्रे कप सामने खेळले आणि एक जिंकला.

---

कोल्हापुरी_ठसका

आणि उरलेले चार हरले, ते कोण सांगणार? भक्तमंडळी इथे गप्प बसतात!

१९६७: हॅमिल्टनकडून २४-१. तो एक गुणसुद्धा लाथेचा, रूज (लाथेचा चेंडू समोरच्यांनी एन्ड झोनबाहेर न काढल्याने मिळालेला). पूर्ण सामन्यात रायडर्सचा एकही टचडाउन नाही.
१९६९: ऑटावाकडून २९-११. जॅक्सनचा निवृत्तीचा सामना, चार टचडाउन पास.
१९७२: हॅमिल्टनकडून १३-१०, इयन संटरची अखेरच्या क्षणी ३४ यार्डांची लाथ.
१९७६: ऑटावाकडून २३-२०. वीस सेकंद उरली असताना टॉम क्लेमंट्सचा टोनी गॅब्रिएलला २४ यार्डांचा पास.

मोठ्या सामन्यात माणूस कमी पडतो असं का म्हणू नये?

---

गणिती

म्हणा, पण शेवटच्या दोनमध्ये शेवटी चेंडू कुणाकडे होता ते पाहा. १९७२ ला हॅमिल्टनच्या चक ईलीने अखेरच्या मोहिमेत गॅब्रिएलला तीन पास दिले आणि संटरला जागा करून दिली. १९७६ ला पुन्हा गॅब्रिएलच, फक्त संघ वेगळा. दोन्ही वेळा लँकेस्टर बाजूरेषेवर उभा होता. १९६७ आणि १९६९ चा दोष मात्र आक्रमणाचाच, तिथे वाद नाही.

तुमच्या यादीत एक राहिलं. १९७०. रायडर्सचा हंगाम १४-२ (१४ विजय, २ पराभव), लँकेस्टर लीगचा सर्वोत्तम खेळाडू. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीचा तिसरा सामना कॅलगरीने १५-१४ ने घेतला, लॅरी रॉबिन्सनच्या शेवटच्या चेंडूवरच्या फील्ड गोलने (लाथेने खांबांमधून, ३ गुण), तेही वाऱ्याच्या तोंडावर. (दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडू १९७६ मध्ये.)

हंगामांची तुलना करणाऱ्यांनी अजून एक पाहावं: १९७३ पर्यंत पश्चिमेतले संघ १६ सामने खेळायचे आणि पूर्वेतले १४. जॅक्सन आणि लँकेस्टरचे वर्षाचे यार्ड शेजारी ठेवायचे तर सामन्यामागची सरासरी काढा, एकूण बेरीज नको.

---

मृण्मयी_व

आता प्रशिक्षकपदाकडे येऊ या, नाहीतर अर्धा माणूस राहून जाईल.

१९७८ चा शेवट वाईट होता. रेजायनातच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शेवटचा सामना एडमंटनमध्ये, तिथे राखीव म्हणून आत आला, संघाला जिंकून दिलं, आणि टाळ्या दिल्या त्या प्रतिस्पर्ध्याच्या प्रेक्षकांनी. लगेच १९७९ ला रायडर्सचा मुख्य प्रशिक्षक. २-१४. पुढच्या वर्षी पुन्हा २-१४. गच्छंती.

हे का झालं? रीड १९७५ नंतर निवृत्त. संघ म्हातारा. रायडर्स १९७७ पासून १९८७ पर्यंत सलग अकरा वर्षं प्लेऑफला पोचलेच नाहीत, म्हणजे घसरण त्याच्या आधी दोन वर्षं सुरू झाली आणि त्याच्यानंतर सात वर्षं चालू राहिली. त्यात काल ज्यांच्याबरोबर एका खोलीत कपडे बदलले त्यांनाच आज संघातून काढायचं, ते काम पहिल्याच दिवशी अंगावर. खेळणं थांबवलं आणि मधे एकही वर्ष न जाता थेट मुख्य प्रशिक्षक, हा प्रकार बहुतेकांना झेपत नाही. डिकन्सनने बघा: २००९ ला कॅलगरीत रनिंग बॅक्सचा (चेंडू घेऊन पळणारे) प्रशिक्षक, मग क्वार्टरबॅक्सचा, मग आक्रमणाचा समन्वयक, आणि २०१६ ला मुख्य. पहिल्याच हंगामात १५-२-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा).

लँकेस्टर नंतर दहा वर्षं सीबीसी टीव्हीवर समालोचक होता. माझ्या मते त्याची शिकाऊ उमेदवारी ती. दर आठवड्याला वेगळे दोन संघ वरून पाहायचे आणि खेळी का फसली ते अर्ध्या मिनिटात सांगायचं. बाजूरेषेवरून बाराही जण एका वेळी दिसत नाहीत.

---

रेजायनाकर

आणि १९९१ ला एडमंटनचं मुख्य प्रशिक्षकपद दिलं कुणी? जनरल मॅनेजर ह्यू कॅम्पबेलने. १९६६ चा तोच रिसीव्हर. मधल्या काळात त्याने प्रशिक्षक म्हणून एडमंटनला १९७८ ते १९८२ असे सलग पाच ग्रे कप जिंकून दिले होते. (संघाचं तेव्हाचं नाव एस्किमोज, आता एल्क्स.)

एडमंटनचे सात हंगाम: १२-६, १०-८, १२-६, १३-५, १३-५, ११-७, १२-६. एकही हंगाम निम्म्याखाली नाही. १९९३ ला विनिपेगला ३३-२३ हरवून ग्रे कप. त्यातले १८ गुण शॉन फ्लेमिंगच्या सहा फील्ड गोलचे. ज्याला आपण लांब पासवाला जुगारी म्हणतोय, त्याने प्रशिक्षक म्हणून पहिला कप लाथेवर जिंकला!

१९९६ चा ग्रे कप हॅमिल्टनच्या बर्फात, टोरांटोकडून ४३-३७ ने हरले. त्या सामन्यात डग फ्लुटीच्या हातून चेंडू सुटला होता की नाही यावर अजून भांडणं होतात. व्हिडिओ पाहून निर्णय बदलायची सोय लीगमध्ये तेव्हा नव्हती. त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षक मात्र लँकेस्टरच.

---

तिसरा_डाउन

मला त्याच्या प्रशिक्षकपदात सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट सांगतो. त्याने दोन ग्रे कप जिंकले ते एकमेकांच्या पूर्ण विरुद्ध क्वार्टरबॅकना घेऊन.

१९९३ ला डेमन अ‍ॅलन. कारकिर्दीत ११,९२० यार्ड नुसते पळून काढलेला माणूस. १९९९ ला हॅमिल्टनमध्ये डॅनी मॅकमॅनस, जो पळतो म्हटलं तर त्याच्याच संघातले हसतील. पण ५३,२५५ यार्ड पास फेकलेला. दोघांपैकी एकालाही त्याने 'माझ्यासारखा खेळ' म्हटलेलं त्या संघांच्या खेळात दिसत नाही.

हा बदल सोपा नसतो. पळणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी ब्लॉकिंग सरकतं असतं: आख्खी लाइन एका दिशेला, टोकाला रनिंग बॅक पुढे, रिसीव्हरचे मार्ग त्याच बाजूला तीन पातळ्यांवर (आखूड, मध्यम, लांब), आणि काहीच मोकळं नसेल तर पळ. पॉकेटमध्ये (लाइनच्या मागच्या सुरक्षित जागेत) उभ्या राहणाऱ्यासाठी हे सगळं उलटं. पाच जणांच्या लाइनला रनिंग बॅकची जोड देऊन सहा जण संरक्षणाला ठेवायचे, म्हणजे मार्गावर पाचच रिसीव्हर. क्वार्टरबॅकने पाच पावलं मागे जायचं, शेवटचं पाऊल रोवायचं आणि रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू सोडायचा.

इथे वॅगलची वेळ जीवघेणी ठरते. स्लॉटबॅक (मागून धावत येणारा रिसीव्हर) दहा-एक यार्ड मागून पळत निघतो आणि स्नॅपच्या क्षणी रेषेच्या अगदी अलीकडे हवा. लवकर पोचला तर एक तर पाच यार्डांचा दंड, नाहीतर ब्रेक मारून सगळा वेग वाया. उशिरा पोचला तर पासची वेळ चुकते आणि चेंडू त्याच्या पुढे पडतो, जिथे बचावपटू उभा असतो. यावर उपाय एकच, तोच क्वार्टरबॅक आणि तेच रिसीव्हर वर्षानुवर्षं एकत्र ठेवणं. म्हणून १९९८ ला लँकेस्टर हॅमिल्टनला गेला तेव्हा एडमंटनचे मॅकमॅनस आणि डॅरेन फ्लुटी (डगचा धाकटा भाऊ) दोघंही तिकडे गेले. नवा संघ, पण ताल जुना.

---

कोल्हापुरी_ठसका

हे पटलं. हॅमिल्टन १९९७ ला २-१६ होतं आणि १९९८ ला १२-५-१, तेव्हा काहीतरी नक्कीच बदललं. जाता जाता: १९९७ च्या त्या हॅमिल्टनमध्ये अँथनी कॅल्व्हिलो होता. मॅकमॅनस आला, कॅल्व्हिलो माँट्रियलला गेला आणि ७९,८१६ यार्डांपर्यंत पोचला. म्हणजे त्या एका अदलाबदलीत दोन संघांचं भलं झालं.

आणि लँकेस्टरचा ५०,५३५ चा विक्रम २००० मध्ये मोडला तो डेमन अ‍ॅलनने, त्याच्याच हाताखाली कप जिंकलेल्याने.

पण २००३ चं १-१७ विसरू नका.

---

गणिती

विसरत नाही, वेगळं काढतो. एकूण हिशेब:

सस्कॅचवन १९७९-८०: ४-२८
एडमंटन १९९१-९७: ८३-४३
हॅमिल्टन १९९८-२००३: ५१-५६-१
हॅमिल्टन २००६, हंगामी: ४-१०
एकूण १४२-१३७-१

वरवर पाहता निम्मं-निम्मं. त्यातून सस्कॅचवनची दोन वर्षं, २००३ (क्लबच दिवाळखोरीत, चालवायला लीगने घेतलेला) आणि २००६ (०-४ अशी सुरुवात झाल्यावर मधेच गळ्यात पडलेला संघ) काढले तर उरतात १३३-८२-१. काढावेत की नाही यावर भांडा, मी फक्त वजाबाकी केली.

---

मृण्मयी_व

काढू नयेत. वाईट संघ घ्यायला तो स्वतः तयार झाला होता, त्यामुळे ते त्याच्याच खात्यात. पण २००६ मध्ये वय ६७, आणि त्याच्या दोन वर्षं आधी कर्करोगावर उपचार झालेले. तरी क्लबने हाक मारल्यावर उभा राहिला. १८ सप्टेंबर २००८ ला गेला.

---

दादरचा_बंड्या

एक शंका. १९९८ चा ग्रे कप हॅमिल्टन २४-२६ ने हरलं. मी धावता आढावा वाचला, त्यात शेवटच्या टचडाउननंतर दोन गुणांचा प्रयत्न (लाथेऐवजी चेंडू पुन्हा एन्ड झोनमध्ये न्यायचा) केला आणि फसला असं आहे. साधी एक गुणाची लाथ मारली असती तर २५ झाले असते. हा लँकेस्टरचा जुगारी स्वभाव की चूक?

---

तिसरा_डाउन

दोन्ही नाही, तो साधा हिशेब होता. हॅमिल्टन १८-२३ मागे होतं. टचडाउनने २४-२३. आता पर्याय बघा.

लाथ मारली: २५-२३, दोनची आघाडी. कॅलगरीने फील्ड गोल मारला की २६-२५, हरलात.
दोन गुणांचा प्रयत्न फसला: २४-२३. कॅलगरीचा फील्ड गोल, २६-२४, हरलात. निकाल तोच.
दोन गुणांचा प्रयत्न जमला: २६-२३. कॅलगरीचा फील्ड गोल, २६-२६, जादा वेळ.

म्हणजे एकच्या आघाडीचं दोन करून फील्ड गोलविरुद्ध काहीही मिळत नव्हतं, आणि कॅलगरीकडे मार्क मॅक्लॉक्लिनसारखा लाथ मारणारा होता. फरक पडतो तो रूजचा: २४-२३ असताना नुसता एक गुण गेला तरी बरोबरी होते, २५-२३ ला होत नाही. पण वेळ संपत असताना पस्तीस यार्डांवरून कोणता संघ एका गुणासाठी खेळेल? मॅक्लॉक्लिनने शेवटच्या चेंडूवर बरोबर तेवढ्याच, ३५ यार्डांवरून मारला.

पुढच्या वर्षी व्हँकुव्हरला पुन्हा हेच दोन संघ. कॅलगरीचा क्वार्टरबॅक डेव्ह डिकन्सन. हॅमिल्टन ३२-२१.